दादाने रक्त का दिलं नाही

प्रिय वन्सं,

तुमच्या ऑपरेशनच्या वेळी दादाने रक्त दिलं नाही, म्हणून तुम्ही बोलणं टाकलंत. "सुईला घाबरला," असं सगळ्यांना सांगता. अहो, रांगेत ते पहिले होते. तपासण्या करून डॉक्टर म्हणाले, "इतकी वर्षं लोकांच्या शेतांत कीटकनाशक फवारलंत, अंगात रक्त बनणंच कमी झालंय. तुम्हालाच चढवावं लागेल."

बाहेर येऊन त्यांनी मला देवाची शपथ घातली. "तिचे टाके ओले आहेत. कळलं तर रडत बसेल. त्यापेक्षा रागावू दे खुशाल."

शपथ मोडवत नाही, म्हणून पाकिटावर तिकीट लावलेलं नाही. उगाच वाया जायचं.

काल रक्त चढवायला त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा नर्सने त्यांना विचारलं, "तुमच्या गटाचं रक्त देणारं घरात कोणी आहे?"

तुमचा-त्यांचा गट एकच. तरी ते चटकन म्हणाले, "कोणी नाही."

मी शेजारीच उभी होते.

तुमची,
वहिनी