रांगेतली घागर

औरंगाबाद छावणी,
५ सप्टेंबर १९८७

ती. अक्का हिस,
धाकट्या निवृत्तीचा सविनय जयभीम, वि. वि.

दाजींचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. आता माझं ऐक. आमच्या पलटणीला निघायचा हुकूम आला आहे. कुठं आणि कधी ते कुणी सांगत नाही, आणि कळलं तरी मी लिहिणार नाही. भरती झाल्यापासून नुसते बूट घासले आणि कवायत केली. आता खऱ्या कामाला जायचं म्हणून छाती नुसती धडधडते आहे.

एकच वाकडं झालं. रजा बंद झाल्या, म्हणजे आईला न भेटताच निघायचं. सुभेदारसाहेबांकडे पुन्हा पुन्हा गेलो आणि शेवटी माझा आवाज चढला. ते शांतपणे म्हणाले, ज्याला गप्प बसवत नाही त्याला मी पुढं नेत नाही, त्यानं इथं सामान राखावं. तेव्हापासून जीव टांगणीला आहे. किट बांधतो, सोडतो, परत बांधतो. शेजारच्या खाटेवरचा देगलूरचा शंकरप्पा मात्र जेवला की घोरतो. डोकं थंड कसं ठेवायचं ते तूच सांग.

दाजींना जयभीम. तुझा लोभ आहेच, या खेपेला जरा जास्त लागेल.
तुझा निवृत्ती

लातूर,
११ सप्टेंबर १९८७

चि. निवृत्तीस,
पंचशीलेचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग डोळे पुसले. भांडलास तर पलटण जाईल, तू कुलपं राखत बसशील आणि आई तरीही भेटणार नाही. एवढं तरी कळतं का तुला?

इथं पाऊस नाही. जिल्हा होऊन पाच वर्षं झाली तरी तुझे दाजी नवा सदरा घातल्यासारखे "आमचा जिल्हा" म्हणत फिरतात. त्यांना विचारलं, तुमच्या जिल्ह्याचा टँकर कधी येतो? म्हणाले, येईल तेव्हा येईल. म्हणजे तुमचे सुभेदारच की.

पहिल्यांदा मी घागरीपाशी उभी राहून रस्त्याकडे बघायची. शेजारच्या तारामतीबाई म्हणाल्या, तू बघितल्यानं टँकर पळत येतो का गं? इथली रीत अशी की घागर रांगेत लावायची आणि आपल्या कामाला जायचं. घागर आपला नंबर धरून असते. तिला कुणी मागं सारलं तर सगळी गल्ली अंगावर येते. टँकर आला की मात्र सरळ घागरीकडं यायचं, बाकी कुठं फिरायचं नाही. घागरीपाशी माणूस येतंच.

तुझं किट हीच तुझी घागर. एकदा नीट बांध, ठेव आणि दुसरं काही काम हातात घे. आईकडचं कळलं की लिहीन.

जेवत जा. माया आहेच, ती सांगून वाढत नाही.
तुझी अक्का

औरंगाबाद छावणी,
१८ सप्टेंबर १९८७

ती. अक्कास सविनय जयभीम.

किट बांधलं आणि खाटेखाली सारलं. मग शंकरप्पाकडून कातर मागून घेतली आणि बराकीतल्या पोरांचे केस कापायला बसलो. पहिल्या दोघांनी शिव्या दिल्या, पुढचे आपणहून आले. माझे केस शंकरप्पानं कापले. आता आरशात बघवत नाही, टक्कलच म्हण.

काल सुभेदारसाहेब येऊन स्टुलावर बसले, मान पुढं केली आणि जपून काप म्हणाले. आज संध्याकाळी जाणाऱ्यांत माझं नाव पुकारलं! आईची हुरहुर आहेच, पण आता ती लाथा झाडत नाही.

लोभ असू दे, शिव्याही चालतील.
निवृत्ती

लातूर,
२४ सप्टेंबर १९८७

चि. निवृत्तीस अनेक आशीर्वाद.

नाव पुकारलं हे ऐकून दाजींनी गल्लीत पेढे वाटले आणि जिल्ह्याचं नाव काढलं म्हणाले. जिल्हा तुझा नांदेड, हे त्यांना कोण सांगणार?

आईचा निरोप आला. गावातली विहीर आटली, म्हणून बायका मुदखेडच्या स्टेशनावरच्या नळाला जातात. तू पहिल्या पगारात घेतलेली, तुझं नाव घातलेली पितळी घागर आई रोज तिथं रांगेत लावते. प्यायच्या तांब्याला रांग नसते, म्हणून नंबर येईपर्यंत तांब्या भरभरून गाडीतल्या तहानलेल्यांना पाणी पाजत फिरते. तू कामावर निघालास एवढंच मी तिला कळवलं. तुमची गाडी कुठून जाते ते मी विचारत नाही.

सांभाळून राहा. इथून आमचा जीव तुझ्यापाशीच आहे.
तुझी अक्का

ठिकाण लिहायला मनाई आहे,
१४ ऑक्टोबर १९८७

ती. अक्कास सविनय जयभीम.

आता पोचलो आहोत, म्हणून सांगायला हरकत नाही. तुझं पत्र वाचलं त्या दिवशी तोंडावर हात ठेवून बसलो होतो. आमची गाडी मुदखेडवरूनच जाणार होती गं.

इंजिनाला पाणी घ्यायचं होतं, म्हणून गाडी तिथं थांबली. सुभेदारसाहेबांनी खाली उतरू दिलं, पण शिटी झाली की आत. फलाटावर ही गर्दी, आणि आई कुठंच दिसेना. पाय पळायलाच निघाले होते. तेवढ्यात नळाच्या रांगेत पितळेवर माझं नाव दिसलं. मी एका टोकाला धावलो असतो आणि ती दुसऱ्या टोकाला असती तर? तुझं ऐकलं. घागरीपाशी बसलो.

अक्का, बंदूक घेऊन दिवसभर पळणं सोपं आहे. तिकडं इंजिन पाणी पीत होतं आणि मी बसलो होतो. रांग सरकली की घागर पुढं ठेवायचो. नंबर आला तेव्हा मीच भरली. उचलली, तोच मागून आवाज आला, "ओ मिल्ट्रीवाले, ती माझ्या लेकाच्या नावाची घागर हाय. ठिवा खाली."

मी वळून म्हणालो, "तुझाच नंबर धरून राहिलो होतो, आई."

तिनं आधी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि कुणी भादरलं म्हणून विचारलं. शंकरप्पाला शिव्या दिल्या, मग त्यालाही पाणी पाजलं. मी तिच्या हातचा तांब्याभर प्यालो आणि शिटी झाली. मला वाटलं रडेल. रडली नाही. घागर उचलून कमरेवर घेतली आणि म्हणाली, "जा बाबा. आता तुझा नंबर मी धरून ठिवते."

दाजींना जयभीम. माझी जागा धरून ठेवा, मी येतोच.
तुझा निवृत्ती