उकाड्यातलं गरम आपी

आई,

तुझ्या पाया पडते. मी मजेत आहे. गुडघ्याला तेल लावतेस ना?

थोरली म्हणून गाडा लावायला शहर मी आधी निवडलं, उबदार, पैसेवालं मोंतेरो. धाकट्या नीबेसला उरलं ते गारठलेलं एल आल्तो. आता तिच्याच गाड्यावर पहाटेपासून रांग लागते म्हणे! मेली लहानपणापासून नशीबवान.

आपलं जांभळ्या मक्याचं वाफाळतं आपी इथल्या उकाड्यात कोण पिणार? गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, बर्फ घाला की थोडा." काल निमूट घातला.

दालचिनीचं प्रमाण तिला वेगळं सांगितलंस का? खरं सांग.

तिला कळव, माझं झकास चाललंय. आणि सहज म्हणून विचार, तिच्या गाड्यामागे दोघींना उभं राहता येईल का.

तुझी थोरली,
एउलोहिया