दारूबंदीआधीचं जेवण

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याबद्दल मला कुणी काही विचारत नाही. माझी नातवंडं तुमच्या फोटोखालून जातात-येतात. आज दुपारी हाताला काम नव्हतं, म्हणून त्या जेवणाबद्दल लिहायला बसले आहे. हे पाठवायला पत्ता नाही, हे मला कळतं.

कोल्हापूर संस्थान विलीन झालं ते वर्ष. मुंबईची दारूबंदी आता आपल्याकडेही येणार, हे पक्कं झालं होतं आणि मंगळवार पेठेत जो तो तेच बोलत होता. तुम्ही कोर्टातून आलात, काळा कोट खुंटीला लावलात आणि मला म्हणालात, "रविवारी तिघं जेवायला येतील. ज्यानं त्यानं जपून ठेवलेली बाटली आणायची ठरलंय. काय काय करायचं, आईला विचार." आई चार हातांच्या अंतरावर तांदूळ निवडत बसली होती. पण तुम्ही मला सांगायचं आणि मी तिला विचारायचं, ही आपल्या घरची रीतच झाली होती. दादा फौजेत गेला तो तुमच्या होकारानं, तिच्या मनाविरुद्ध. तो इटलीत पडल्याची तार आली त्या दिवसापासून चार-पाच वर्षं ती तुमच्याशी एक शब्द बोलली नव्हती. भांडण नाही, रडणं नाही. ताट वाढायची, तांब्या ठेवायची आणि आत जायची. मी मधे निरोप नेणारी. त्याचं मला दुःख होत होतं असंही आठवत नाही. पाणी भरावं तसे मी निरोप भरत होते.

राजवाड्यावर कारभारी राहिलेले तुमचे मित्र कुठल्याशा मेजवानीत मिळालेली शँपेन आणणार होते. कुरुंदवाडचे डॉक्टर पोर्ट वाईन आणणार होते. तिसरे उचगावचे सुभेदार, दादाच्या पलटणीतले. ते काय आणणार, हे तुम्ही मला परसात नेऊन सांगितलंत. "दादानं इटलीत माझ्यासाठी घेतलेली वाईन सुभेदाराकडं हाय. दारूबंदी आली की ओतून टाकाय लागंल त्याला. त्याआधी ती या घरात उघडायची." मग जरा थांबून म्हणालात, "आईला सांग हे." मी सांगितलं. ती लसूण सोलत होती, सोलतच राहिली.

शनिवारी कारभाऱ्यांचा निरोप आला की वाईनबरोबर तिखट चालत नाही, तिची चव मरते. तुम्ही सोप्यात बसून सगळं ऐकत असताना आई मला म्हणाली, "कोल्हापुरात जेवायचं आणि तिखट नको? इंग्रज गेला की आता. पांढरा रस्सा करते, तो प्या म्हणावं त्यांना." मी बाहेर येऊन ते पुन्हा तुम्हाला सांगितलं. तुम्ही "बरं" म्हणालात.

रविवारी दिवेलागणीला सगळे आले. शँपेनबरोबर काय द्यायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तेव्हा खारे शेंगदाणे ठेवले होते. सुभेदार उंबऱ्यातच उभे आहेत, धोतराच्या फडक्यात बाटली गुंडाळलेली. "कितींदा तरी निघालतो, वकीलसाहेब. दारापासनं परत गेलतो." तुम्ही त्यांना हाताला धरून आत आणता. बूच काढताना तुटतं. मी वाईन फडक्यातून गाळून पेल्यांत ओतते. कारभारी पेला नाकाशी नेतात आणि खाली ठेवतात. "व्हिनेगर झालंय हो याचं." उचगावच्या पत्र्याखाली तिनं इतके उन्हाळे काढले होते. सुभेदार म्हणाले, "गार जागंत ठेवाय पायजे हुती. माझ्या ध्यानातच आलं न्हाय." तुम्ही तुमचा पेला रिकामा केलात आणि पुन्हा माझ्यापुढे धरलात.

तेव्हा आई बाहेर आली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. "तुम्ही ते पिऊ नका. पोट बिघडंल."

तुम्ही हातातल्या पेल्याकडे बघत राहिलात. "त्यानं घेतलीया."

"व्हय. म्हणून मलाबी द्या जरा."

पाहुण्यांसमोर, उभ्यानं, तिनं एक घोट घेतला. "आंबलंय की पार," असं म्हणून ती तिथंच पाटावर बसली आणि सुभेदारांना म्हणाली, "घेताना काय म्हणाला त्यो?"

सुभेदार खाली बघून म्हणाले, "म्हणाला, आबा एका दमात संपवतील. आन् आई आठवडाभर त्यांच्याशी बोलणार न्हाय."

"आठवडाभर," आई म्हणाली. मग उठली आणि तांबडा रस्सा वाढायला घेतला. डॉक्टरांच्या पोर्टला त्या दिवशी कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोळसा संपलाय, हे तिनं तुम्हाला स्वतः सांगितलं. त्यानंतर तुम्ही दोघं शेवटपर्यंत कोळसा, दूध, कोर्टाच्या सुट्ट्या यांवर बोलत राहिलात. दादाचं नाव निघालं नाही, पण बोलत होतात. माझं काम सुटलं. माझं लग्न होऊन मी गेले तेव्हा घर कसं चालेल याची काळजी उरली नव्हती.

एकच सांगायचं राहिलं आहे, आबा. दादाचा चेहरा मला आता आठवत नाही. डोळे मिटून तो समोर आणायला गेले की उंबऱ्यातले सुभेदार येतात. मी त्यांनाच दादा समजते आणि भाजी चिरायला उठते.