काळ्या कडांचा अल्बम

४ मे
मनिषच्या लग्नाचा अल्बम करायला घेतला. तलासरीचं लग्न, दोनशे बारा फोटो. मनिष स्वतःच डहाणूला दुकानात येऊन बसला. "प्रविणभाऊ, विग्नेट मार ना! कडा एकदम काळ्या. आम्ही दोघंच चमकलो पाहिजे." एका फोटोवर सेटिंग केली, तीच सगळ्यांवर चढवली. पाच मिनिटांत काम!
आई कडेला होती, भिंतीवर काढलेल्या लग्नाच्या चौकाजवळ. आमच्यात लग्न भटजी नाही, धवलेरी बाई लावते, गाणी म्हणून. तलासरीपर्यंत जिवली धवलेरीलाच, माझ्या आईलाच बोलावतात. पण प्रत्येक फोटोत ती कडेलाच. गेली काळोखात. गिऱ्हाईक खूश, म्हटलं, झालं.

११ मे
अल्बम छापून आला. रानशेतला घरी नेऊन आईला दाखवला. एकेक पान बघत शेवटापर्यंत गेली. मग म्हणाली, "मी नव्हते का रं तिथं?"
"आहेस की, अंधारात!" मी हसलो. तीही हसली. उठून चुलीकडे गेली.

१२ मे
अल्बम आणि तयार फोटोंच्या फाईली मनिषला दिल्या. कार्ड, डिस्क – सगळं पुसून रिकामं केलं. उद्या वाणगावचं लग्न.

२३ मे
आई गेली.

२७ मे
साधा ताप म्हणत होतो. मी वाणगावच्या लग्नात, मग दुसरीकडच्या हळदीत, मग आणखी एका लग्नात. दवाखान्यात नेलं तेव्हा बोलणं बंद झालं होतं.
आज काळ्यामामा म्हणाला, "दिवसकार्याला फोटो ठेवायचा आहे. चांगला मोठा काढून आण." मी मोबाईल चाळायला लागलो. मामा बघतच राहिला. "फोटोवाल्याच्या घरात आईचा फोटो नाही?"
नाही! आधार कार्डावरचा आहे, नखाएवढा. त्यात डोळे मिटलेले. जुन्या मोबाईलमध्ये दोन होते, तो मोबाईल पावसात भिजून मेला. नव्यात सगळी लोकांचीच लग्नं.

२९ मे
मनिषकडून फाईली परत आणल्या. सकाळपासून कडा उजळवतोय. उजेड वाढवला की नुसते दाणे उठतात, राखाडी. एका फोटोत लुगड्याचा काठ आला. एकात हनुवटी, बहुतेक. बहुतेक! आईची हनुवटी मला ओळखता येत नाही.
मूळ फोटोत ती स्वच्छ दिसत होती. दुपारचं ऊन होतं. मीच झाकली.

३० मे
डिस्कमधून पुसलेलं परत काढून देणारा एक आहे म्हणे. त्याने बघितलं. "वर नवीन लग्नं चढलीत. काही उरलं नाही."

२ जून
आज दिवसकार्य. आधारचाच मोठा केला. बायका रडायला आल्या, फोटोकडे बघून एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणी म्हणालं, "ही जिवली वाटत नाही."

९ जून
दुकान उघडलं नाही. वाणगाववाल्यांचे सात फोन. कुठल्या तोंडाने दुसऱ्यांचे चेहरे उजळवू?

१४ जून
निलम आली, मनिषची बायको. तिच्या मैत्रिणीने लग्नात मोबाईलवर व्हिडिओ काढलेला, वीस सेकंदांचा. भर उन्हात आई. गाणं संपवते, दम घेते, मोबाईलवाल्या पोरीकडे वळून म्हणते, "माझे पोराचा पन एक काढ गं. तो सगळ्यांचं काढतो, त्याचा कोन काढील?"
मागे मी. डोळ्याला कॅमेरा लावलेला.