दादा या शब्दाचा अर्थ

४ मार्च, मंगळ.
आदेशाची कारणं मिळाली. दोन पानं. पोलिसांनी भावाला नेऊन दोन महिने झाले. खटला नाही, थेट वर्षभर स्थानबद्ध. संपलं की पुन्हा वर्ष वाढवता येतं. परि. ५: 'साथीदार त्याला दादा म्हणतात, म्हणजे टोळीचा म्होरक्या.' आधी हसूच आलं. मग आठवलं. पोलिसांनी माझा जबाब घेताना विचारलं होतं, लोक त्याला काय म्हणतात? मी तोऱ्यात, "एव्हरीबडी कॉल्स हिम दादा!" जीभ झडो माझी.

७ मार्च, शुक्र.
जेवणाच्या सुट्टीत तांजोंग पगार भागात वकीलबाईंकडे, मिस टॅन. सांगितलं, दादा म्हणजे थोरला भाऊ. गुंडालाही म्हणतात, हे गिळलं. त्या शांतपणे, "आय चेक्ड. डिक्शनरीत दोन्ही आहेत." वर, "कोर्ट अर्थात शिरणार नाही. प्रोसीजर पाळली का, एवढंच."

१२ मार्च, बुध.
पुंगोल, वहिनीकडे. ती आशेवर. "कोर्टात रिव्ह्यू आहे ना, म्हणजे सगळं परत तपासतील." मी हो म्हटलं. ईरा (भाची, अकराची), इथल्या पोरांच्या इंग्रजीत: "आत्या, पपा कमिंग होम ऑर नॉट? डोन्ट ब्लफ लाह." उपम्याचं कौतुक करत बसले. लाज वाटली.

२० मार्च
तो निर्दोष आहे ना? दादाबरोबर पकडलेल्यांतला एक आपल्या मराठी मंडळात यायचा. दादानेच आणलेला. मी कधी विचारलं नाही. वाटलं होतं, कोर्टात तरी कोणी विचारेल...

१० जून, मंगळ.
सुनावणी. न्यायाधीश सभ्य, आवाज मऊ. कागद वेळेत दिले का, सही योग्य माणसाची का, सल्लागार समितीपुढे नेलं का. सगळं चोख. 'दादा' हा शब्द एकदाही निघाला नाही. अर्ज फेटाळला. लिफ्टमध्ये वहिनी म्हणाली, "मग तपासलं काय?"

१४ जून, शनि.
भेट. काच, फोन. वाळलाय. वहिनीने बजावलं होतं, अपील करायचं का ते विचार. मला दुसरंच विचारायचं होतं. रिसीव्हर उचलला, 'दा' ओठावर आलं आणि घाबरले. इथलं बोलणं ऐकतात म्हणे. मग जन्मात पहिल्यांदा नावाने हाक मारली. "श्रीरंग."
तो माझ्या मागे बघायला लागला, कोण आलंय म्हणून.