जावईबापूंचे डोळे आले तेव्हा मी पाहिलेली मालिका

तीर्थस्वरूप वन्संना,

शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावरच घालते आहे. जमिनीवर घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतात, आणि घरात आत्ता एकच आहे, तेही माझ्यावर रुसलेलं.) तुमचे गुडघे कसे आहेत? बरे असतील तर आनंद आहे. बरे नसतील तर मागच्या पत्रात सगळं सविस्तर कळलं, पुन्हा लिहिण्याचे कष्ट घेऊ नका. माझी तब्येत उत्तम आहे, म्हणजे कुठे दुखतं ते सांगायला लागले की लेक मोबाईल काढून बघते, त्यावरून उत्तमच असणार. अक्षर लागत नसेल तर अंदाजाने वाचा. तुम्ही जन्मभर शाळेत शिकवलंत आणि मी चौथीतून उठले, त्यामुळे चुका तुम्हाला दिसतीलच. लाल शाईने खुणा करून पत्र परत पाठवू नका, मागे एकदा पाठवलं होतंत.

तुम्हाला आठवत असेल, लेकीचं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही विचारलं होतंत की मुलगा करतो काय. मी म्हटलं टीव्ही बघतो. तुम्ही म्हणालात, आमचाही तेच करतो, पण त्याला त्याचा पगार कोणी देत नाही. तर आमच्या जावईबापूंना देतात. वर्तमानपत्रात दर आठवड्याला त्यांचा अर्धा रकाना असतो. नव्या मालिका बघायच्या, कुठली चांगली कुठली टाकाऊ ते लिहायचं आणि खाली तारे द्यायचे. पाच तारे म्हणजे अप्रतिम. दोन म्हणजे मालिका काढणाऱ्याची आई सोडून कोणी बघू नये. मी लेकीकडे राहायला आल्यापासून त्यांचा शब्द न शब्द वाचते, आणि खरं सांगते वन्सं, मला त्यातलं फारसं काही कळत नाही. पण शब्द मोठे छान असतात, ते मी उचलले. ‘संयत’ म्हणजे नट काही करत नाही. ‘अस्वस्थ करणारी’ म्हणजे शेवट वाईट आहे. ‘बहुपदरी’ म्हणजे लिहिणाऱ्यालाही नीट लागली नाही. एकदा लेकीने भाजीत मीठ टाकलं नव्हतं, तर मी म्हटलं, आज भाजी फार संयत झाली आहे. त्या दिवसापासून स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. माझ्या तोंडाने मला मिळालेल्या कामांची यादी करायची तर कागद पुरणार नाही.

आता मुद्द्यावर येते. वर्तमानपत्रात नव्या संपादकीणबाई आल्या. तरुण आहेत, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्यांनी जावईबापूंना बोलावून सांगितलं की हल्ली तारे देणारे गल्लोगल्ली झालेत, तुमचा रकाना कशासाठी ठेवायचा? या वेळचं परीक्षण बघते आणि ठरवते. आणि दिली काय, तर वर्षातली सगळ्यात गाजणारी मालिका, जी अजून लोकांनी पाहायची होती पण समीक्षकांना आधीच पाठवली होती. आठ भाग. सोबत एक विनोदी मालिकाही होती. आणि त्याच आठवड्यात जावईबापूंचे डोळे आले. टोमॅटोसारखे लाल, चिकटलेले, पाणी थांबेना. लेक स्वतः दवाखान्यात नर्स आहे. तिने हुकूम सोडला की पडद्याकडे बघायचं नाही, खोलीतून बाहेर यायचं नाही, टॉवेल वेगळा, उशी वेगळी, आणि ती आपली पाळीवर निघून गेली. जावईबापू म्हणाले मी नुसतं ऐकतो. ऐकतात कुठलं! गाजणाऱ्या मालिकेत हल्ली कोणी बोलतच नाही, वन्सं. वारा सुटतो, दार करकरतं, कोणीतरी कपात चमचा फिरवतं, की झाला प्रसंग. त्यांनी दाराआडून अर्धा तास चमचा ऐकला आणि मग म्हणाले, “आई, तुम्ही बघाल का? फक्त काय होतंय ते सांगा, मत मी बनवेन.”

मी म्हटलं त्यात काय. साठ वर्षं मी माणसं बघून त्यांच्याबद्दल सांगत आले आहे, आणि तेव्हा कोणी विचारलेलंही नसायचं. तर मी चष्मा पुसून बसले. यंत्रावर भागांची यादी येते, ती मी वरून सुरू केली, कारण कुठलाही कागद आपण वरूनच वाचतो. बाजूला आकडा होता, आठ. मला वाटलं हा उरलेला हिशेब आहे, गोळ्यांच्या पाकिटात उरतात तसा. एक भाग संपला की सात. बरोबर जुळत होतं! मला तर ही सोय फार आवडली, कारण आणखी किती सोसायचंय ते कळत होतं.

मालिका एका म्हाताऱ्या कुलूपवाल्याची होती. सगळा काळोख. कुलूपवाल्याच्या घरात दिवे लावायची पद्धत नसावी. (पहिले दोन भाग तर मला एक बाई मधूनमधून दिसत होती. चेहरा आंबट, बोलत काही नाही, नुसती रोखून बघते. मी मनात म्हटलं, ही चांगलं काम करते, पण घेतली आहे जरा जास्तच म्हातारी. मग नाकावर माशी बसली तेव्हा कळलं की ते काचेत माझंच तोंड आहे. तिच्याबद्दलही मी जावईबापूंना सांगून बसले होते. परीक्षणात तिला एक वाक्य मिळालं आहे.) तर सुरुवातीलाच म्हातारा मरतो. दोन मुली दोन कोपऱ्यांत उभ्या, एकमेकींकडे बघत नाहीत. पुढच्या भागात म्हातारा खाटेवर खोकत पडलेला. मी जरा चमकले, पण म्हटलं दवाखान्यात असं होतं कधीकधी, आधी नाही म्हणतात आणि मग हलतो माणूस. त्यापुढे तो चालायला लागला. केस काळे झाले. मुली दुकानावरून भांडत होत्या त्या हळूहळू नुसत्या कुरकुरायला लागल्या. मधल्या एका भागात भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतली त्याची बायको दारात उभी! हिला कोणी आणलं, म्हणून मी एवढ्या मोठ्याने ओरडले की जावईबापू खोलीतून धडपडत उठले आणि दारावर आपटले. शेवटी मुली एवढ्याशा झाल्या आणि एका पांघरुणात झोपल्या, आणि बाप त्यांना कुलूप कसं उघडायचं ते दाखवत होता. मी जावईबापूंना सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीवर माणूस सुधारताना पाहिला. गोड शेवट आहे, लिहा बिनधास्त.

विनोदी मालिकेचं थोडक्यात सांगते. एका धोब्याची बायको निघून जाते, मग कुत्रा मरतो, मग इस्त्रीने हात भाजतो. समीक्षक म्हणतात हसून हसून पुरेवाट. पूर्वी निदान मागून हसण्याचा आवाज यायचा, म्हणजे आपल्याला कळायचं की इथे हसायचं आहे. आता आपलं आपण शोधायचं. मला शेवटपर्यंत सापडलं नाही. मी बरनॉल लावा, बरनॉल लावा म्हणून टीव्हीला सांगत होते. जावईबापूंनी तिला ‘काळजाला हात घालणारी’ म्हटलं आणि साडेतीन तारे दिले. अर्धा बहुधा कुत्र्याचा असावा.

त्यांनी डोळे मिटून मोबाईलला परीक्षण सांगितलं, आणि रविवारी ते छापून आलं. बाकी सगळ्या समीक्षकांनी कुलूपवाल्याबद्दल लिहिलं होतं की निर्दय मालिका, आशेला जागा नाही, माया आटत जाते आणि माणसं एकटी मरतात. आमच्याकडे छापलेलं, ‘मृत्यूकडून बालपणाकडे, वैराकडून मायेकडे नेणारी, या वर्षातली सर्वांत आशादायी कलाकृती. काळ उलटा फिरवण्याचं दिग्दर्शकाचं धाडस थक्क करतं.’ पाच तारे. सकाळभर फोन वाजत होता. आणि वन्सं, तुमचा विश्वास बसणार नाही, दुसऱ्या दिवशी एका मोठ्या समीक्षकाने कुठेतरी लिहिलं की वरवर बघता ही मालिका सरळ पुढे जाते, पण जाणत्या प्रेक्षकाला ती आतून उलटी वाहताना जाणवते. मी ते वाचून लेकीला म्हटलं, बघ, जाणती. ती कधी नव्हे ती माझ्याकडे कौतुकाने बघत होती. तिने सुट्टी काढली आणि मालिका बघायला बसली. तिने आपली एक नंबरपासून लावली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात आली, हातात रिमोट, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “आई, मुली लहान आहेत.” मी म्हटलं, “शेवटीशेवटी होतात.” मग तिचा चेहरा असा झाला की विचारू नका.

ती मला बोलली ते मी लिहीत नाही. तुम्ही माझी नणंद आहात, तुम्हाला आनंद होईल. मी म्हटलं, मी खोटं काय सांगितलं? पाहिलं तेच सांगितलं, ज्या क्रमाने पाहिलं त्याच क्रमाने सांगितलं. लेक म्हणाली, आता गप्प बसायचं, कोणाच्या लक्षात आलेलं नाही, उलट नाव झालंय. आम्हा दोघींचं यावर एकमत झालं, जे तिच्या जन्मापासून कशावर झालं नव्हतं. पण जावईबापू! त्यांनी दाराआडून सगळं ऐकलं होतं. ते म्हणाले, माझ्या नावाने चुकीचं छापलंय, मी खुलासा देणार. अहो, नाव झालंय ना? तर म्हणे तेच तर वाईट आहे. तसेच अर्धे लाल डोळे घेऊन गेले आणि संपादकीणबाईंना सगळं सांगून आले. खुलासा छापला. ‘माझ्या सासूबाईंनी मालिका शेवटाकडून सुरुवातीकडे पाहिली, हे मला माहीत नव्हतं. दोष माझा आहे.’ दोष माझा म्हणाले, पण सासूबाई हा शब्द त्या चार ओळींत तीनदा आहे. गल्लीतली दूधवाली मला आता ‘उलट्या आजी’ म्हणते. संपादकीणबाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत वाचकांची पत्रं बघू. रकाना राहावा असं वाचकांना वाटलं तर राहील.

एवढंच. बाकी सर्व ठीक. थंडीत पायमोजे घालत जा.

तुमची, तुम्हाला न विचारता कधीच काही न करणारी (तुमचे भाऊ होते तोवर),
भावजय

ता. क. तुम्ही वर्तमानपत्रांना पत्रं लिहिता ना? रस्त्यावरचे दिवे, कचऱ्याची गाडी, शब्दकोड्यातल्या चुका? तुमचं पत्र आलं की संपादक घाबरतात असं तुमचे भाऊ अभिमानाने सांगायचे. तर एक याच्यासाठी लिहाल का? भाषा तुमचीच असू द्या, कडक. फक्त एवढं म्हणा की चूक झाली ती स्वतः कबूल करणारा समीक्षक तुम्ही आजवर पाहिला नव्हता. हे खरंही आहे, म्हणजे तुम्हाला जड जाणार नाही.

ता. क. दुसरा. मी स्वतः लिहिली होती. एक निवृत्त पोस्टमन म्हणून, एक दंतवैद्य म्हणून, दोन गृहिणी म्हणून, आणि एक कुलूपवाला म्हणून. पकडली गेली. लेक म्हणते पाचही पत्रांत सासूबाईंची स्तुती जरा जास्त होती, दंतवैद्य तर फारच वाहवत गेला होता. पण खरं कारण ते नाही. तिकिटं कशाला वाया घालवायची म्हणून मी पाचही एकाच पाकिटात घातली.

ता. क. शेवटचा. जावईबापूंचे डोळे आता बरे आहेत. कानात ती ऐकायची बोंडं घालून एकटेच बघतात, मी समोरून गेले तर पाय आवरून घेतात, शब्द नाही. डोळे आले होते तेव्हा दाराला टेकून बसायचे आणि मी जरा थांबले की आतून आवाज यायचा, “आणि मग, आई?” या घरात मला ‘पुरे’ म्हणणारे पुष्कळ आहेत. रकाना गेला तर ते मालिका बघणंच सोडतील, मग सांगायचं कोणाला? म्हणून पत्र लवकर टाका. लेकीच्या दवाखान्यात सध्या डोळे आलेल्यांची रांग लागली आहे, आणि मी टॉवेल वेगळे ठेवायला विसरायला लागले आहे.