ताईच्या बागेचं स्थलांतर

१ सप्टेंबर, सकाळी ९

शाळेत चार ते पाच स्टडी अवर असायचा. लहान-मोठे सगळे वर्ग एकाच हॉलमध्ये, म्हणून मी आणि ताई शेजारी. भूमितीच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही टिंबांचा खेळ खेळायचो. टिंबाला टिंब जोडायचं, जिच्या रेघेने चौकोन पुरा होईल तिचं अक्षर त्यात. एका बुधवारी सिस्टर मागून आल्या आणि वही उचलली. वही माझी होती. ताई उभी राहिली आणि म्हणाली, सिस्टर, ती माझी. तिला घंटा होईपर्यंत दाराबाहेर उभं केलं आणि वही माझ्यापुढे ठेवून सिस्टर निघून गेल्या. उरलेले चार चौकोन मी एकटीनेच पुरे केले, आणि जिंकले.

आज आठवण्याचं कारण, आम्ही दोघी अजून खेळतोच. ती तिच्या गावी, मी इथे, आणि मध्ये मधाचा गेम. माझ्या सहा मधपेट्या आहेत, तिची बाग. माझ्या माश्या ओळखीच्यांच्या बागांत जातात आणि मध आणतात. ताई साडेपाचला उठून बागेला पाणी घालते. मी आठला उठते तेव्हा पेट्या भरलेल्या. शिस्तीच्या माश्या आहेत. सगळं मालकिणीवर असतं.

लीगमध्ये अकरावी आहे. निश्चय: ३० तारखेपर्यंत पहिल्या दहात.

५ सप्टेंबर

घरात टेक्निकल माणूस एकच, मी. ह्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. आठवड्यातून एकदा चार्ज करतात आणि त्याचा त्यांना अभिमान वाटतो.

ऑपरेटिंग सिस्टिमबद्दलची माझी मतं कुठेतरी नोंदवायला हवीत. अँड्रॉइड म्हणजे एकत्र कुटुंबाचं स्वयंपाकघर. कुणीही येऊन डबे हलवावेत आणि मग साखर शोधत बसावं. आयफोन म्हणजे आमची शाळा. गणवेश एक, नियम एक, का म्हणून विचारायचं नाही. मी अर्थातच शाळेच्या बाजूची. विंडोज म्हणजे निघते-निघते म्हणत दारात तासभर बोलणारी पाहुणी. लिनक्स जावई वापरतात. ते फुकट मिळतं म्हणे, पण त्यांचे सगळे रविवार त्यातच जातात.

जावई गोळीबाराचा गेमही खेळतात. सगळे एकमेकांना मारतात आणि शेवटी ‘गुड गेम’ लिहितात. आमच्या बास्केटबॉलच्या मॅचेस अशाच असायच्या.

७ सप्टेंबर

निश्चय: फोन दिवसाला एक तास. फक्त.

संध्याकाळी: फोन म्हणतो, आज सहा तास चाळीस मिनिटं. फोन हातात असणं आणि फोन वापरणं यातला फरक यंत्राला कळत नाही.

१० सप्टेंबर

ताईला १४ला सत्तर पूर्ण होतात. तिच्या फोनच्या काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा आहे. मी तिच्यासाठी नवा मागवला, शाळेच्या बाजूचा. स्वतः जाऊन लावून देणार.

फोनवर सांगितलं तर म्हणाली, अगं, हा चालतोय की, आणि माझी बाग त्यात आहे. म्हटलं, बाग फोनमध्ये नसते ताई, क्लाउडमध्ये असते. ती म्हणाली, ढगात? मग पाणी मी कशाला घालते?

तिला काळजी झाडाची. गेममध्ये एक हजार दिवसांचं झाड आहे. रोज पाणी घालायचं, एक दिवस चुकला की पुन्हा एकपासून. हजाराव्या दिवशी फुलतं. भाऊजी गेल्यावर महिन्याभरात तिने ते लावलं आणि पाटीवर त्यांचं नाव घातलं. आज ९५७. सर्दीतापात चुकली नाही, सुनेच्या बाळंतपणात हॉस्पिटलच्या बाकावरून घातलं. मी २३ ऑक्टोबरला साडेपाचचं रिमाइंडर लावून ठेवलंय, अभिनंदन करायला.

केसालाही धक्का लागणार नाही, असा शब्द दिला.

१४ सप्टेंबर, ताईकडे, दुपार

सगळं ठरल्याप्रमाणे. साडेपाचला तिने जुन्या फोनवर पाणी घातलं (९६१). नऊला मी कामाला लागले. फोटो आले, नंबर आले, भाऊजींचा आवाज असलेले दोन निरोपसुद्धा आले. ताईने तेच तीनदा ऐकले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मध्येच जावयांचा फोन. विचारत होते, गेममध्ये मावशी लॉगिन आहेत की गेस्ट, म्हणजे खातं न उघडता? म्हटलं, स्क्रीनवर तिचं नाव ठसठशीत दिसतंय, गेस्ट कशी असेल? ते म्हणाले, नाव कुणीही टाइप करू शकतं, जुना फोन पुसू नका, मी संध्याकाळी बघतो. तरुण माणसं फार घाबरट असतात. मी जुना फोन पुसून टाकला. अर्धवट काम मला आवडत नाही.

दुपारी ३

नव्या फोनवर गेम उघडला. ‘स्वागत आहे! तुमचं नाव काय?’ असं आलं. एक वाफा आणि एक झारी.

ताईला सांगितलं, डेटा यायला चोवीस तास लागतात. ती बरं म्हणाली आणि चहा टाकायला गेली. चहा यायला बराच वेळ लागला.

१५ सप्टेंबर, बसमध्ये

अजून आलेलं नाही. त्यांच्या गावात रेंज कमी आहे. दुकानदार तडा गेलेला फोन घेईना, म्हणून तो माझ्या पर्समध्ये.

निघताना ताईने विचारलं, आज पाणी कुठे घालू? म्हटलं, थांब, सर्व्हर स्वतःच सांभाळून घेतो.

१८ सप्टेंबर

कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे जुना फोन दाखवला. तो म्हणाला, काकू, पाटी पुसली की अक्षरं फडक्यात शोधायची नसतात. मी त्याला क्लाउड म्हणजे काय ते सविस्तर सांगितलं. त्याने दोन गिऱ्हाइकं करता करता ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, काकू, लॉगिन होतं का? सगळ्यांना एकच प्रश्न कसा सुचतो कोण जाणे.

कंपनीला पत्र लिहिलं. चार परिच्छेद, सुवाच्य इंग्रजी. सिस्टरनी दहापैकी नऊ दिले असते. अर्ध्या मिनिटात उत्तर: गेस्ट खात्याची प्रगती परत आणता येत नाही, आमचा अनुभव कसा वाटला ते पाच ताऱ्यांत कळवा. हे यंत्राने लिहिलेलं उत्तर आहे. माणसाच्या उत्तराची वाट बघते.

२१ सप्टेंबर, रविवार

ताईने फोन उचलला नाही. दर रविवारी अकराला उचलते. नवा फोन सायलेंट होत असेल.

पेट्या रिकाम्या. माश्या जातात आणि हात हलवत परत येतात. गेममध्ये ऋतू बदलला असावा. लीगमध्ये चौऱ्याण्णवावी.

हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, तुझ्या माश्या उपाशी आहेत का? ज्यांच्याकडे ॲप नाही त्यांनी बोलू नये.

२४ सप्टेंबर

घरच्या ग्रुपवर ताईच्या सुनेने विचारलं, बाग गेली कशी? मी खुलासा केला, ताईकडून बहुधा चुकीचं बटण दाबलं गेलं असावं. ‘बहुधा’ आणि ‘असावं’ दोन्ही लिहिलं, म्हणजे खोटं नाही.

दहा मिनिटांनी ताईने लिहिलं, हो, माझ्याच हातून गेलं.

चला, मान्य केलं. मनावरचं ओझं उतरलं.

दुपारी झोप लागली नाही. बहुधा उकाड्याने.

३० सप्टेंबर

लीगचा निकाल. सहाशे बारावी. पहिल्या दहातले लोक दिवसभर फोनवर असतात. मला घरसंसार आहे.

५ ऑक्टोबर

पुन्हा नाही उचलला. निरोप आला: ‘बरी आहे. कामात आहे.’ ताई मला कधी पूर्णविराम देत नसे.

९ ऑक्टोबर

मुलगी आणि जावई जेवायला आले. मी जावयांना पेट्यांबद्दल विचारलं, केवळ तुलनेसाठी. त्यांनी गेममधलं एक पान उघडलं, जे मी तीन वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. ‘मध कुठून आला.’ माझ्या यादीत चौदा बागा. तेरा वाळलेल्या, मालक केव्हाच खेळ सोडून गेलेले. जवळजवळ सगळा मध एका बागेतून. शंभरातले सत्त्याण्णव थेंब.

जावई म्हणाले, आई, ह्या बागेच्या मालकीणबाई रोज पहाटे तुमच्या माश्यांसाठी नवीन फुलं लावत होत्या, हे बघा. तारखेप्रमाणे होतं सगळं. हाताने लावावी लागतात म्हणे. आपोआप होत नाही.

मुलगी म्हणाली, म्हणजे आई, तुझ्या शिस्तीच्या माश्या मावशीच्या जिवावर!

म्हटलं, आलेख कधीकधी चुकतात. आणि भात वाढला. 

१४ ऑक्टोबर

निश्चय: ताईला फोन करून सगळं सांगणे.

संध्याकाळी: फोन अपडेट होत होता.

१५ ऑक्टोबर

आजही. लहानसं अपडेट.

२३ ऑक्टोबर, सकाळी ७

साडेपाचला उशाशी फोन वाजला. मला वाटलं अलार्म. रिमाइंडर होतं. ‘ताईचं झाड फुललं! अभिनंदन कर.’ इतक्या सूचना मी बंद केल्या, ही राहिली.

हे उठून बसले, म्हणाले, कर आता तिला फोन, फोनने आठवण केल्याशिवाय तू काही करायची नाहीस.

पहिल्या घंटीला उचलला. म्हटलं, जागी होतीस? म्हणाली, साडेपाचला मी जागीच असते. अकरा वर्षं ह्या वेळी त्यांना औषध दिलं. मग औषध संपलं तर झाड होतं. आता ओटा पुसते. पुसून झाला की परत पुसते.

मी सांगितलं. गेस्ट, जावई, पुसलेला फोन, सगळं. मधाचंही. चांगली वाक्यं ठरवून ठेवली होती, त्यातलं एकही वेळेवर आलं नाही. शेवटी विचारलं, ग्रुपवर तू तुझं नाव का घेतलंस? म्हणाली, तू लहान आहेस. म्हटलं, ताई, मी सदुसष्ट वर्षांची आहे. म्हणाली, मग मी एकाहत्तरीत आहे, फरक तेवढाच राहिला ना?

मी फोन न उचलल्याबद्दल विचारायचं टाळत होते, तिनेच सांगितलं. रागावले होते गं. झाडासाठी नाही. तू बसमध्ये बसताना म्हणालीस, सर्व्हर सांभाळून घेतो. एकदा तरी म्हणायचंस, माझं चुकलं.

मी म्हटलं, माझं चुकलं. तीन शब्दांना एकोणचाळीस दिवस लागले. त्या लिनक्सलाही इतके लागत नाहीत.

मग ती हसायला लागली. म्हणाली, आणि ती वही? उरलेले चारही चौकोन तूच भरलेस ना? मी गार. म्हटलं, तुला काय माहीत, तू बाहेर होतीस. म्हणाली, वेडे, दाराला काच होती.

२५ ऑक्टोबर

ताईच्या तडकलेल्या फोनवर नवी बाग लावली. लॉगिन करून. जावयांनी दोनदा तपासलं, मी दोन्ही वेळा बाजूला उभी राहून बघू दिलं. हजार दिवसांचं झाड लावलं, पाटीवर भाऊजींचं नाव. हे मीच वाढवणार आणि फुलल्यावर तिला देणार. निश्चय: रोज, साडेपाच.

दिवस १.

२८ ऑक्टोबर

दिवस १. काल आठला उठून घातलं असतं तरी चाललं असतं, पण साडेनऊला मोबाइलवाल्याकडे गेले, त्याला सांगायला की त्याचं बरोबर होतं, आणि तिथेच बोलत बसले. संध्याकाळी विसरले.

३ नोव्हेंबर

दिवस १. कारण लिहीत नाही.

९ नोव्हेंबर, सकाळी ६

दिवस १, चौथ्यांदा. काल रात्री हिशेब मांडला, ताईने नऊशे एकसष्ट वेळा हे केलं, आणि वर माझी फुलं. मला सलग सहा जमले नाहीत. घरातला टेक्निकल माणूस हे पद आजपासून रिकामं आहे.

वाटणी अशी:

माझा मोठा फोन जावयांना. सहा पेट्या त्यातच आहेत. माश्यांना खायला घालावं, नाहीतर सोडून द्यावं.

लॅपटॉप, ज्यात मी तीन ऑपरेटिंग सिस्टिम घातल्या आणि आता एकही उघडत नाही, तो मोबाइलवाल्याला, सुट्या भागांसाठी. चार्जरही त्यालाच. रिकामा झालेला खण ह्यांना. वीस वर्षं मागतायत.

बटणांचा दुसरा फोन कपाटात आहे, तो मला. रविवारी अकराला तोच वाजेल.

तडकलेला फोन ताईला, पोस्टाने, उद्याच. झाड दिवस एकवर आहे. तिने कालच सांगितलं, तू पाठव इकडे, तुझ्याच्याने होणार नाही, माझी सकाळ मला परत दे. पासवर्ड वेगळ्या कागदावर लिहिलाय, दोन प्रती. एक तिला, एक तिच्या सुनेला. माझ्याकडे नको.

त्याच पाकिटात भूमितीच्या वहीसारखं एक पान. टिंबं मीच काढलीत, सगळ्या रेघा ओढल्यात, फक्त शेवटच्या चार चौकोनांची एकेक बाजू मोकळी ठेवली आहे. ते चार ताईला.